आरेचे रान आणि नवभाषेचा कोश

मुंबईच्या विकास आराखड्यात अनेक वर्षे एक शब्दप्रयोग ठाण मांडून होता : 'ना-विकास क्षेत्र'. ज्या जमिनीवर झाडे आहेत, गवत आहे, पावसाळ्यात वाहणारे ओढे आहेत, त्या जमिनीला नगररचनाकारांनी दिलेले हे नाव. तेथे काय आहे हे या नावावरून कळत नाही. तेथे काय झालेले नाही, एवढेच कळते. एखाद्या गृहस्थाची ओळख 'हे अद्याप दिवंगत न झालेले' अशी करून द्यावी, तसा हा प्रकार. पुढे २०३४ सालापर्यंतच्या आराखड्यात शहरातील अशा काही जमिनींना 'विशेष विकास क्षेत्र' असे नवे नाव मिळाले. 'ना' गेला आणि 'विशेष' आला. जमीन होती तेथेच राहिली; तिच्यावरचा शब्द मात्र उलटा झाला, आणि बहुसंख्य मुंबईकरांना त्याचा पत्ताही लागला नाही.

वाचकहो, या सदरात आपण सहसा ठेवी, व्याजदर, मृत्युपत्र, नामनिर्देशन अशा विषयांवर बोलतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे, तरी तो हिशेबाच्या बाहेरचा नाही. आमच्या वसाहतीतील ज्येष्ठांच्या वाचनगटाने गेल्या पावसाळ्यात जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी वाचावयास घेतली. आमच्यापैकी निम्म्यांना ती कंटाळवाणी वाटली, काहींना भीतिदायक वाटली. एका भगिनींनी मात्र असा प्रश्न विचारला की चर्चेची गाडी लंडनवरून थेट गोरेगावला आली. त्या म्हणाल्या, "आपल्या शेजारच्या आरेला जंगल म्हणावे की म्हणू नये, यावर एवढी वर्षे भांडण झाले, ते याच पुस्तकातले नव्हे काय?"

ही कादंबरी ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली. योगायोग असा की आरे दुग्धवसाहतीची स्थापनाही १९४९ सालचीच. शहरातील गल्लीबोळांतले म्हशींचे गोठे बाहेर काढून एका मोकळ्या, स्वच्छ जागी न्यावेत, ही दारा खुरोडी यांची कल्पना. त्यासाठी ३,१६६ एकर जमीन राखली गेली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. बत्तीस युनिटे आणि त्यांत सुमारे सोळा हजार जनावरे, असा तो पसारा होता. माझ्या पिढीच्या मुंबईकरांना आरेच्या दुधाच्या बाटल्या आणि दूधकेंद्रांसमोरील पहाटेच्या रांगा आठवत असतील. 'कॉलनी' हा शब्द तेव्हापासून त्या जागेला चिकटला. म्हशींसाठी वसवलेली वसाहत, म्हणून 'कॉलनी'. पण म्हशी येण्यापूर्वी तेथे माणसे होती. आजही आरेच्या परिसरात आदिवासींचे सत्तावीस पाडे सांगितले जातात. त्यांतील वारली कुटुंबे त्या भूमीला कॉलनी म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी ते रान आहे, आणि त्या रानाचा धनी वाघोबा आहे. बिबट्याचा वावर तेथे आजही आहे, त्यामुळे वाघोबाचे पूजन हा नुसता रिवाज नव्हे, शेजारधर्मच म्हणावा लागेल.

मराठी भाषा या बाबतीत किती श्रीमंत आहे, हे पाहण्यासारखे आहे. वन, अरण्य, जंगल, रान, राई, देवराई, झाडी, माळ : प्रत्येक शब्दाची छटा वेगळी. 'रान' या शब्दात तर शेतही मावते. गावाकडचा माणूस 'रानात गेलो होतो' म्हणतो तेव्हा तो पेरणी करून आलेला असतो. गमतीचा भाग असा की 'जंगल' ज्यावरून आला त्या संस्कृत 'जाङ्गल' शब्दाचा मूळ अर्थ कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश असा होता. म्हणजे शब्दांचे अर्थ बदलतात, हे काही पाप नव्हे. ते लोकांच्या तोंडी, वापरातून, शेकडो वर्षांत बदलतात. ऑर्वेल यांना जी भीती वाटली ती वेगळ्या बदलाची होती.

त्यांच्या कादंबरीतील सत्ता लोकांना मारते, कोंडते, त्यांच्यावर पाळत ठेवते. हे सगळे इतिहासातील इतर जुलमी सत्तांनीही केले आहे. ऑर्वेल यांची खरी सूझ अशी की ही सत्ता एक कोशही तयार करते. 'नवभाषा' नावाच्या या भाषेत दर आवृत्तीगणिक शब्द वाढत नाहीत, कमी होतात. साइम नावाचा एक विद्वान त्या कोशावर काम करतो, आणि शब्द नष्ट करण्याच्या कामाचा त्याला मनापासून अभिमान वाटतो. 'मुक्त' हा शब्द शिल्लक राहतो, पण कुत्र्याच्या अंगावर उवा नाहीत एवढे सांगण्यापुरता. ज्या विचारासाठी शब्दच नाही, तो विचार मनात येणार कसा? कथानायक विन्स्टन स्मिथ याची नोकरी सत्य मंत्रालयात आहे. जुनी वृत्तपत्रे काढून त्यांतील मजकूर आजच्या सोयीनुसार दुरुस्त करणे हे त्याचे काम. आम्हा बँकवाल्यांना हे वाचताना अंगावर काटा येतो. खातेवहीत मागील तारखेने नोंद करणे हा आमच्या व्यवसायातील सर्वांत मोठा अपराध. तेथे मात्र तोच रोजगार आहे!

अशा कादंबऱ्यांची एक परंपराच आहे. रशियन लेखक झाम्यातिन यांच्या 'वी' मध्ये माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत. हक्सले यांच्या १९३२ च्या कादंबरीत लोकांना सुखाच्या गोळ्यांनी गप्प केले जाते. ब्रॅडबरी यांच्याकडे पुस्तके जाळणारे अग्निशामक दल आहे. पण भाषेच्या अंगाने ऑर्वेल यांच्याइतका खोलवर कोणी गेला नाही असे माझे मत आहे, आणि त्याचे एक कारण आपल्या ओळखीचे आहे. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४३, ते बीबीसीच्या पूर्व विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करीत. तेथे त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये वेणू चितळे ही मराठी लेखिका होती. ऑर्वेल यांनी लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रे इतर भारतीय भाषांप्रमाणे मराठीतही भाषांतरित होऊन प्रसारित होत. प्रत्येक संहितेवर सेन्सॉरची संमती घ्यावी लागे. सरकारी कार्यालयात बसून शब्द कसे मोजूनमापून, गाळून बाहेर जातात याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. आणि त्या शिक्षणाचे काही धडे मराठी श्रोत्यांसाठी लिहिताना गिरवलेले होते, हे कळल्यावर आमच्या वाचनगटातील कंटाळलेली निम्मी मंडळीही सावरून बसली.

आता थोडे माझ्या व्यवसायाविषयी. शब्दांनी वस्तू मऊ करण्याची कला बँकांनाही चांगली अवगत आहे. मी नोकरीस लागलो तेव्हा बुडालेल्या कर्जाला बुडीत कर्ज म्हणत. पुढे ते 'अनुत्पादक मालमत्ता' झाले. बुडालेली असली तरी 'मालमत्ता'! वर्ष २०००च्या सुमारास सरकारी बँकांत 'स्वेच्छानिवृत्ती' योजना आली, तेव्हा एका शाखेत असलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला वरिष्ठांनी तीनदा बोलावून, स्वेच्छेने अर्ज दे, नाहीतर दूरची बदली होईल, असे सांगितले. त्याने अर्ज दिला. अर्जावर 'स्वेच्छेने' हा शब्द छापीलच होता.

पण येथे मला एक भेद करावयाचा आहे, कारण तो न केल्यास पुढील विषयावर अन्याय होईल. प्रत्येक पारिभाषिक शब्द ही लबाडी नसते. 'निर्लेखन' हाच शब्द घ्या. एखाद्या कर्जासाठी पूर्ण तरतूद झाली की बँक ते ताळेबंदातून काढून टाकते. कर्जदाराची देणेदारी मात्र कायम राहते, वसुली चालू राहते. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने हे पूर्णपणे योग्य आहे. सामान्य माणूस मात्र निर्लेखन म्हणजे माफी असे समजतो. शब्द एकच, अर्थ दोन : एक नियमपुस्तकातला, एक रस्त्यावरचा. या दोन अर्थांमधली फट ही धोक्याची जागा. जो जाणूनबुजून एका अर्थाने बोलतो आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या अर्थाने समजावे अशी व्यवस्था करतो, तो शब्दशः खोटे बोलत नाही आणि तरीही फसवतो. आपल्या आचार्यांनी भाषासमितीची व्याख्या करताना बोलणे हितकर आणि मोजके असावे एवढ्यावर न थांबता ते 'असंदिग्ध' असावे, असेही म्हटले आहे. हे तिसरे विशेषण त्यांनी उगाच घातलेले नाही.

'वन' या शब्दातही अशीच फट होती. १९८० सालच्या वन संरक्षण कायद्यात वनजमिनीचा इतर कामासाठी वापर करण्यास केंद्र सरकारची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. पण वन म्हणजे काय, हे कायद्यात सांगितलेले नव्हते. मग ज्या जमिनीची नोंद सरकारी दप्तरी वन म्हणून नाही ती वन नव्हे, मग तेथे कितीही झाडे असोत, असा अर्थ सोयीस्करपणे लावला जाऊ लागला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात यावर जो आदेश दिला तो भाषेच्या दृष्टीनेही विलक्षण आहे. न्यायालय म्हणाले की वन हा शब्द त्याच्या शब्दकोशातील अर्थाने समजावा, मालकी कोणाचीही असो. शिवाय दप्तरी जी जमीन वन म्हणून नोंदलेली आहे, तीही त्यात यावी. देशाचे सर्वोच्च न्यायपीठ सरकारला सांगते की शब्दकोश उघडा! ऑर्वेल यांच्या साइमने कोश लिहिला तो शब्द मारण्यासाठी. येथे न्यायालयाने कोश हाती घेतला तो शब्द जगविण्यासाठी.

तथापि फट पूर्ण बुजली नाही. मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसाठी, म्हणजे कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मार्गासाठी, आरेतील सुमारे तीस हेक्टर जागेवर कारशेड बांधावयाचे ठरले. त्यासाठी आराखड्यातील ना-विकास क्षेत्राची खूण बदलून तेथे मेट्रो आगाराचे आरक्षण आले. पर्यावरणप्रेमी म्हणाले, हे जंगल आहे. प्राधिकरण म्हणाले, ही दुग्धविकास विभागाची जमीन आहे, दप्तरी ती वन नाही. खरे पाहता दोघेही खरे बोलत होते. अनेकान्ताच्या भाषेत सांगावयाचे तर हे दोन नय होते. दप्तराचा नय सांगतो की जमीन दुग्धविकासाची. डोळ्यांचा नय सांगतो की झाडी आहे, बिबट्या आहे, ओढे आहेत. अडचण तेव्हा होते जेव्हा एक नय स्वतःलाच संपूर्ण सत्य म्हणवून इतर सर्व नयांना खोटे ठरवतो. आपल्या न्यायग्रंथांत त्याला दुर्नय म्हटले आहे. 'दप्तरी वन नाही' हे विधान नय आहे. 'म्हणून तेथे जंगल नाहीच' हा दुर्नय.

पुढचा घटनाक्रम अनेकांना आठवत असेल, तरीही आकड्यांसह सांगतो. २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांबाबत मंजुरी दिली : २,१८५ तोडावयाची, ४६१ दुसरीकडे लावावयाची. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवारी, मुंबई उच्च न्यायालयाने याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. 'आरे हे जंगल नाही असा निकाल लागला', असे त्या संध्याकाळी अनेकांच्या तोंडी होते. आरेला वन ठरविण्यास उच्च न्यायालयाने २०१८ साली नकार दिला होता, हे खरे. पण या वेळी वनाच्या प्रश्नावरील याचिका फेटाळताना हा विषय सर्वोच्च न्यायालय आणि हरित लवाद यांच्यासमोर प्रलंबित आहे, यावर भर होता. 'आम्ही यात पडत नाही' आणि 'ते जंगल नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्याचे दुसरे झाले ते आपल्याच तोंडी, कोणत्याही मंत्रालयाने ते बदलले नाही.

त्याच रात्री यंत्रकरवती चालू झाल्या. परिसरात जमावबंदी लागू झाली, झाडांपाशी धावलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाचे विशेष पीठ सुट्टीच्या काळात बसले. कायद्याच्या एका विद्यार्थ्याचे पत्रच याचिका म्हणून स्वीकारले गेले. आदेश झाला : 'जैसे थे'. तोपर्यंत मेट्रो महामंडळाच्याच सांगण्याप्रमाणे २,१४१ झाडे तोडून झाली होती. 'जैसे थे' हे दोन शब्द मी नोकरीत असंख्य न्यायालयीन आदेशांत वाचले आहेत. पण ते इतके पोकळ यापूर्वी कधी वाटले नव्हते.

या आकड्यांच्या भाषेत आणखी एक गोष्ट लपलेली आहे, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ती दिसावयास हवी. चालत्या व्यवसायाचे मूल्य आणि त्याच व्यवसायातील टेबले, खुर्च्या, यंत्रे सुटी विकून येणारे मूल्य यांत मोठा फरक असतो, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. जंगल हा चालता व्यवसाय आहे. एकदा त्याला 'जंगल' म्हणावयाचे नाही असे ठरले की उरतात ती सुटी झाडे, म्हणजे २,६४६ नग. नगांना नग देता येतात. एक तोडा, तीन लावा, हिशेब जुळला. '४६१ झाडांचे पुनर्रोपण' या शब्दांत झाड उपटून नेले तरी सावली, मुळांखालची माती, पक्षी, किडे हे सगळे त्याच्याबरोबर टेम्पोत बसून जाते, असे गृहीत धरलेले आहे.

मेट्रोच्या विरोधात मी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. विरार लोकलच्या दरवाजात लटकून मी पंचवीस वर्षे नोकरी केली. भुयारी, वातानुकूलित गाडीची किंमत मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतचा पहिला टप्पा उद्घाटित झाला, २०२५ च्या ऑक्टोबरात गाडी कफ परेडपर्यंत पोहोचली, आणि मी तिने आनंदाने प्रवास करतो. कारशेड कोठेतरी बांधावेच लागणार होते. 'होय, हे जंगल आहे. शहराच्या गरजेसाठी त्यातील इतका भाग आम्ही घेत आहोत. त्याची किंमत ही' असे सांगून तो निर्णय घेता आला असता. कदाचित बहुमताने तो मान्यही झाला असता. तो मार्ग कठीण होता, कारण त्यात तोटा तोट्याच्या रकान्यात लिहावा लागला असता. 'जंगलच नाही' म्हटले की तोट्याचा रकानाच रद्द.

पुढील तीन वर्षांत तर शब्दांचे वारे गरागरा फिरले. सरकार बदलले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कारशेडला स्थगिती मिळाली. २०२० साली आरेतील आठशेहून अधिक एकर जागा राखीव वन करण्याचा आणि कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला. कांजूरच्या जागेवर न्यायालयीन स्थगिती आली. २०२२ च्या मध्यास पुन्हा सरकार बदलले, कारशेड पुन्हा आरेत आले. मग ८४ झाडांची बाब सर्वोच्च न्यायालयात गेली, प्रत्यक्षात १७७ झाडांसाठी परवानगी मागितली गेली. १७ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने त्याबद्दल मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपयांचा दंड केला आणि १७७ झाडे काढण्यास परवानगीही दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मूळ कायदाच दुरुस्त झाला. त्याच्या नावात 'संरक्षण' शब्दाशेजारी 'संवर्धन' आले आणि त्याची व्याप्ती मुख्यत्वे दप्तरी नोंदलेल्या वनांपुरती आली. नाव लांबले, वन आखडले. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने पुन्हा १९९६ चा शब्दकोशातील अर्थच तूर्त चालू ठेवण्यास सांगितले आहे. एकाही पक्षाचे नाव मी येथे घेतलेले नाही, कारण या खेळात सत्तेत असताना आणि सत्तेबाहेर असताना शब्द बदलण्याची सवय एकाच पक्षाची आहे असे मला दिसत नाही.

मग हे ऑर्वेल यांचे राज्य आहे काय? नाही, आणि तसे म्हणणे हीदेखील शब्दांची उधळपट्टी ठरेल. तेथे विद्यार्थ्याच्या पत्रावर न्यायपीठ बसत नाही. साइम एके दिवशी नाहीसा होतो आणि तो कधी होताच असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा काळ आला तो आणीबाणीचा. १९७५ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली तेव्हा मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात दोनच दिवसांनी निधनवार्तांच्या रकान्यात एक छोटी जाहिरात छापून आली. इंग्रजी अक्षरे विभागून लिहिलेल्या त्या मृताच्या नावात 'डेमोक्रसी' दडलेली होती, पत्नी सत्य होती, पुत्र स्वातंत्र्य होता. तपासनिसाला ते नेहमीचे ख्रिस्ती निधनवृत्त वाटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. झाडांचे, फुलांचे, ऋतूंचे 'ऋतुचक्र' लिहिणारी हीच ती लेखिका. ज्यांना पांगारा आणि पळस यांतला फरक सांगता येतो त्यांना 'शिस्त' आणि 'दहशत' यांतला फरकही चटकन कळत असावा, असे मला वाटते.

त्या काळी निदान शब्द बदलणारा हात दिसत होता. आरेच्या बाबतीत तो दिसत नाही, कारण तो एक हात नाहीच. आराखड्याचा मसुदा, अधिसूचना, निविदेतील परिशिष्ट, वर्तमानपत्राचा मथळा, आपली संध्याकाळची गप्पा. प्रत्येक ठिकाणी शब्द थोडासा सरकतो.

'१९८४' मध्ये चॉकलेटचा शिधा तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर आणला जातो, आणि दुसऱ्याच दिवशी शिधा वाढवून वीस ग्रॅम केल्याबद्दल आभाराचे मोर्चे निघतात. तीस होते हे कोणालाच आठवत नाही. हे वाचताना मला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील सत्याणुव्रताचे पाच अतिचार आठवले. त्यांतील कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, ही आम्हा बँकवाल्यांना परिचित. पण न्यासापहार हा अतिचार अधिक सूक्ष्म आहे. कोणी आपल्याकडे ठेव ठेवली, काळ गेला, ठेवीदार किती ठेवले ते विसरला आणि कमी मागू लागला, आपण 'होय, तेवढेच होते' म्हणालो. पैसे उचलले नाहीत, कुलूप फोडले नाही, केवळ 'होय' म्हणालो. म्हणूनच आचार्यांनी हा दोष अचौर्याच्या नव्हे, सत्याच्या व्रतात मोजला. चोरी झाली ती एका शब्दाने.

आणि सार्वजनिक जमीन ही ठेवच आहे. गोदावर्मन आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी, १३ डिसेंबर १९९६ रोजी, बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नद्या, वने, हवा यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. १९४९ ची आपली ठेव होती ३,१६६ एकर. तिच्यातून चित्रनगरीला गेले, राखीव पोलीस दलाला गेले, फोर्स वनच्या प्रशिक्षणाला गेले, मेट्रोच्या आगाराला गेले. प्रत्येक कारण आपापल्या जागी सबळ होते. आज जेव्हा आठशे एकर 'राखून ठेवल्या'ची घोषणा होते आणि आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा मूळ आकडा किती जणांच्या ध्यानात असतो?

ज्यांना तो आकडा कधीच ठाऊक नव्हता आणि तरी सर्वांत जुने ठेवीदार जे, ते पाड्यांवरचे लोक. शब्दांच्या या उलथापालथीत त्यांच्या वाट्याला आलेला शब्द आहे 'अतिक्रमण'. जमीन वन ठरली तर ते वनातील अतिक्रमक, जमीन दुग्धविकासाची ठरली तर ते सरकारी जागेतील झोपडीधारक. कारशेडच्या जागेतील प्रजापूरपाड्याची कुटुंबे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हलविली गेली. त्या योजनेच्या भाषेत माणूस 'पात्र' असतो किंवा 'अपात्र'. अंगणातल्या भाजीच्या वाफ्याला, ताडाच्या झाडाला, वाघोबाच्या ठाण्याला त्या अर्जात रकाना नाही. येथे मला साइमचा कोश खऱ्या अर्थाने आठवतो. त्या कुटुंबांवर कोणी बोलण्याची बंदी घातली नव्हती. त्यांनी जे गमावले त्याला अर्जात शब्द नव्हता, एवढेच.

वाचनगटाच्या शेवटच्या बैठकीत कादंबरीच्या परिशिष्टावर बराच वाद झाला. नवभाषेची माहिती देणारे ते परिशिष्ट भूतकाळात आणि साध्या जुन्या इंग्रजीत लिहिलेले आहे. म्हणजे केव्हातरी ती नवभाषा संपली आणि जुनी भाषा उरली, असे काही अभ्यासक मानतात. आमच्यातील एक निवृत्त शिक्षक म्हणाले की लेखकाने ते मुद्दाम केले. दुसरे म्हणाले की परिशिष्टे अशीच लिहितात. निर्णय झाला नाही, चहा आला.

व्यवहाराची एक गोष्ट मात्र त्याच बैठकीत ठरली. महापालिकेकडे शुल्क भरून कोणत्याही भूखंडाचा विकास नियोजन अभिप्राय मागविता येतो. त्यासाठी केवळ नगर भूमापन क्रमांक लागतो. आमच्या वसाहतीभोवतालच्या चार मोकळ्या भूखंडांचे अभिप्राय आम्ही मागविले आहेत. एकावर क्रीडांगण, एकावर उद्यान असे आरक्षण आहे. तिसऱ्यावरील सांकेतिक शब्दाचा अर्थ आमच्यापैकी कोणालाच लागला नाही, म्हणून तो समजून घेण्यासाठी दोघेजण येत्या सोमवारी विभाग कार्यालयात जाणार आहेत. चौथ्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. ज्या वाचकांना आपल्या परिसरासाठी असा अर्ज करावयाचा असेल त्यांच्यासाठी अर्जाची पद्धत पुढील अंकात देईन.